बोट लागते

माझ्याकडे एक तक्ता आहे. उभे सतरा रकाने, आडव्या त्र्याण्णव ओळी. त्र्याण्णव ओळींत मासेमारीच्या त्र्याण्णव बोटी, आणि सतरा रकान्यांत त्यांची लांबी, रुंदी, वजन, इंजिनाचे घोडे, पेट्रोलची टाकी, खुर्च्यांची संख्या, खुर्च्या फिरतात की नुसत्याच असतात, असा सगळा तपशील. शेवटचा रकाना ‘मोल’. दिल्या पैशाचं काय पदरात पडतं, त्याला दहापैकी गुण. हे गुण मी स्वतः दिलेले आहेत. त्र्याण्णवपैकी फक्त एका बोटीत मी बसलो आहे आणि ती ह्यूस्टनजवळ माझ्या भाच्याच्या गॅरेजमध्ये, चाकांच्या गाड्यावर उभी होती. अर्धा तास बसलो. सुकाणू धरलं. भाचेसुनेने फोटो काढला, त्यात मागचं धुणं वाळत घातलेलं येऊ नये म्हणून तिला तीन वेळा जागा बदलायला लावली. तोच फोटो गेली तीन वर्षं माझ्या व्हॉट्सॲपवर आहे आणि त्याच्या जोरावर कोकणातल्या आमच्या वेळणेश्वरात मी बोटींतला जाणकार समजला जातो. निदान मी तसा समजतो.

ज्या बोटींबद्दल बोलतोय त्यांना तिकडे ‘बास बोट’ म्हणतात. बास हा तिकडचा तळ्यातला मासा. तोंड मोठं, स्वभाव भांडखोर, आमच्या भावकीत सहज खपून जावा असा. मराठीत ‘बास’ म्हणजे पुरे. त्यामुळे मी चहाच्या वेळी ‘बास बोट’ असा विषय काढला की आमची ही पहिलाच शब्द ऐकते आणि तिचं म्हणणं मी एकदाचं मान्य केलं अशा समाधानाने उठून आत जाते.

माझं ज्ञान वरवरचं नाही, हे आधी सांगून ठेवतो. पहिली बास बोट १९४८ साली लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये होम्स थर्मन नावाच्या माणसाने बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘स्कीटर’, म्हणजे मच्छर. बासच्या मागे डास, हे यमक तिकडच्या लोकांना कळणं शक्य नाही. ते माझ्याच वाट्याला आलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉरन्स मंडळींनी एक हिरवी पेटी बाजारात आणली. ती पाण्याखाली आवाज सोडते आणि परत आलेल्या आवाजावरून खाली मासा आहे की दगड ते सांगते. महायुद्धात पाणबुड्या शोधायला जी युक्ती वापरली तीच. १९६८ साली आर्कान्सामधल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वूड यांनी रेंजर बोटी बांधायला घेतल्या, आणि त्याच सुमाराला अलाबामाच्या रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने बास पकडण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. विमा एजंट होता हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे आमच्यासारख्या टेबलावरच्या माणसालाही पाण्यात काही करून दाखवता येतं.

आज यांतली वरच्या प्रतीची बोट वीस-एकवीस फुटांची, अडीचशे घोड्यांची, आणि अंगाला लग्नातल्या शालूसारखी चमकी लावलेली असते. तासाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पळते. वेळणेश्वरहून निघालात तर दहा मिनिटांच्या आत जयगडच्या दीपगृहाखाली. तिथे जाऊन काय करायचं, हा प्रश्न हिने विचारला होता. मी म्हटलं, परत यायचं. पुढच्या टोकाला विजेवर चालणारी एक छोटी मोटर, ती पायाने चालवायची म्हणजे हात गळाला मोकळे. आणि उपग्रहाच्या जोरावर ती बोटीला नांगर न टाकता एका जागी धरून ठेवते. किंमत लाख डॉलरच्या घरात. त्यातल्या नुसत्या इंजिनाच्या पैशात आमच्या किनाऱ्यावरच्या चार-पाच होड्या इंजिनांसकट याव्यात. म्हणून ‘मोल’ या रकान्यात मी तिला दहापैकी साडेसातच दिले आहेत. मी काही अंधभक्त नाही.

पण मला खरी भुरळ पडली ती वेगळ्याच सोयीची. या बोटीच्या पोटात पाण्याची टाकी असते, तिच्यात हवा खेळती ठेवलेली. पकडलेला मासा तिच्यात जिवंत ठेवायचा, संध्याकाळी त्याचं वजन करायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि त्याला पुन्हा तळ्यात सोडून द्यायचं. १९७२ पासून स्कॉट साहेबांनी आपल्या स्पर्धांत ही रीत आणली. हे वाचलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. मासे धरायचे पण खायचे नाहीत! माझ्यासारख्या, वेळणेश्वर कुलदैवत असलेल्या घराण्यात जन्मलेल्या माणसाला याहून सोयीचा खेळ कोणता? छंदही झाला आणि सोवळंही शाबूत. आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात आजही मासा शिजत नाही. तो मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर शिजतो, कारण हिचं माहेर पेणचं आणि सीकेपी. तो मी खातो. पण पडवीत खाल्लेलं घरात खाल्लं असं होत नाही, हे आमच्याकडे गेली पस्तीस वर्षं सर्वमान्य आहे.

आता तळ्यातला बास आपल्याकडे नाही, पण त्याच्या नावाचा एक समुद्री नातलग आहे. जिताडा. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. खाडीच्या तोंडाशी राहतो, शास्त्री नदीच्या खाडीत मिळतो, आणि पेणकरांचा तो देवच. याची एक गंमत अशी की तो तरुणपणी नर असतो आणि वय वाढलं की मादी होतो. हे मी हिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ती निवडत असलेल्या भाजीवरून मान न उचलता म्हणाली, “शहाणा मासा आहे.”

तर जिताड्यासाठी बास बोट, असा माझा प्रकल्प. तक्ता छापून, वर प्लास्टिकचं आवरण चढवून, मी तो आमच्या तांडेलांना दाखवायला किनाऱ्यावर नेला. त्यांना सगळे तांडेलच म्हणतात. वय माझ्याएवढं, मनगट माझ्या दुप्पट. जाळ्याच्या भोकाला गाठ मारता मारता त्यांनी रेंजर बोटीचं रंगीत चित्र हातभर लांब धरून पाहिलं. एकदाच.

“ही तळ्यातली हाय.”

“कशावरून?”

“काट बगा हिचा. वीतभर. आपल्या हितं पयली लाट आत येल आनि दुसरीला आपून भायेर.”

तीन वर्षं. सतरा रकाने. त्यांत खुर्चीच्या कापडाचा रकाना होता, पेल्याच्या खोबणीचा होता, समुद्राचा नव्हता. तळ्यातल्या सपाट पाण्यावर सुसाट पळण्यासाठी या बोटी बांधतात हे मी शंभर ठिकाणी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि समजलेलं यांच्यात जे अंतर असतं त्यालाच बहुधा शिक्षण म्हणतात. मी तक्ता परत घ्यायला हात पुढे केला. तांडेलांनी तो सोडला नाही. त्यांना आता मजा वाटू लागली होती.

“दोन मानसांनी वडली तर वाळूवर येते का?”

“इंजिनासकट टनाच्या वर जाते.”

“मंग ऱ्हाते कुटं?”

“तिची गाडी असते. गाडीवर चढवून घरी न्यायची.”

“घरी?” त्यांनी माझ्या घराच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाले, “त्याल किती पिते?”

“सुसाट सोडली तर तासाला नव्वद लिटरच्या आसपास.”

तांडेलांचं यामाहा नऊ पॉइंट नऊ घोड्यांचं. तेवढ्या तेलात त्यांचा आठवडा जातो. ते काही बोलले नाहीत, फक्त गाठ मारायची थांबले.

“आनि बिगाडली तर बगनार कोन?”

“कंपनीचा माणूस.”

“कुटं ऱ्हातो तो?”

“आर्कान्सात.”

“म्हंजे चिपळूनच्या फुडं,” असं म्हणून त्यांनी तक्ता मला परत दिला आणि वर विचारलं, “तुमी गरवायला कदी आलात काय आमच्याबरोबर?” गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. मी म्हटलं, वेळच मिळाला नाही. निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली होती.

खरं कारण इथे सांगायला हवं. मला बोट लागते.

या दोन शब्दांवर मी जरा थांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे व्हावं. ‘मला बोट लागते’ म्हणजे मला बोटीची गरज असते. आणि ‘मला बोट लागते’ म्हणजे बोटीत बसलं की माझी आतडी घशाशी येतात. ‘बोट लागली’ म्हणजे ती धक्क्याला आली, आणि ‘बोट लागली’ म्हणजे माणूस कठड्याला आला. मराठीने हे सगळं एकाच क्रियापदात कोंबलं याचं मला जन्मभर कौतुक वाटत आलं आहे. त्यातही आपल्या भाषेची माया बघा. इतरांकडे माणूस स्वतः समुद्राने आजारी पडतो, म्हणजे दोष माणसाच्या प्रकृतीचा. आपल्याकडे बोट लागते, जशी ठेच लागते, दृष्ट लागते, उचकी लागते, झाड लागतं. माणूस बिचारा नुसता उभा होता. जे काय केलं ते बोटीने केलं.

माझी आजी ही या विषयातली आमच्या घराण्यातली सर्वांत मोठी अधिकारी व्यक्ती. त्या काळी मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीने. दाभोळला नाहीतर जयगडला जायचं, आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या हे सगळं पडावातून तिच्यापर्यंत जायचं. म्हणजे आधी पडाव लागायचा आणि मग आगबोट लागायची. आजीच्या कमरेच्या पिशवीत लिंबू, ओवा, सुंठेचा तुकडा, आवळासुपारी आणि हुंगायला अर्धा कांदा असा दारूगोळा असे. पण तिची ख्याती वेगळ्याच कारणासाठी होती. आजोबा जयगडच्या बिऱ्हाडी पडवीत उभे राहून धुराकडे डोळे लावून असत आणि बोट खाडीत शिरली की आत ओरडत, “बोट लागली!” एवढं ऐकलं की आजी तिथेच, जमिनीवर, पाटावर बसल्या बसल्या आडवी होई. शब्दाने बोट लागलेली दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. पुढे आजोबांनी ओरडणं बंद केलं आणि नुसती खूण करू लागले. मग तिला त्या खुणेने लागायला लागली.

हा रोग सामान्य माणसांचा नाही, याचे पुरावे मी गोळा केले आहेत. लॉर्ड नेल्सनला बोट लागायची. इंग्रजांचा सर्वांत मोठा दर्यावर्दी जन्मभर मळमळत लढला. डार्विन ‘बीगल’वर १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं हिंडला आणि त्याला सारखी बोट लागत राहिली. माणूस कुठून आला असा प्रश्न कुणाला पडतो, तर ज्याला आत्ताच्या आत्ता जमिनीवर परत जायचं असतं त्यालाच, असं मला वाटतं. वैद्यकशास्त्र म्हणतं की डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की हलतो आहोत, आणि या दोघांच्या भांडणात शिक्षा पोटाला होते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

माझा स्वतःचा एक सिद्धांतही आहे. शास्त्राने समुद्रोल्लंघन निषिद्ध का ठरवलं? विद्वानांनी यावर पुष्कळ लिहिलं, पण सरळ गोष्ट कुणाला सुचली नाही. ठरवणाऱ्यांना बोट लागत होती. इतकंच नव्हे, सह्याद्रिखंडात आमच्या चित्पावनांच्या उगमाची जी कथा आहे, की समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली, तिचाही उलगडा होतो. ती प्रेतं नव्हतीच. जिवंत माणसं होती. बोट लागली होती. परशुरामाने त्यांना फक्त वाळूवर पडून राहू दिलं असणार. तासाभराने उठले आणि भांडायला लागले.

आजी मात्र या विषयावर कायमची हसायची थांबली. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी नव्हतं; पण त्या काळी कोकणातल्या घरांत ‘आपलं कुणी’ या शब्दांची हद्द बरीच लांबवर होती. त्यानंतर कुणाला बोट लागल्याची कुरकूर ऐकली की ती एवढंच म्हणे, “लागू दे. लागते ती जिवंत माणसाला.”

असो. तर मी तांडेलांना हो म्हणालो. तक्त्याचा झालेला अपमान मला झोपू देईना.

कार्तिकातली पहाट होती. समुद्र ताटात ओतलेल्या खोबरेल तेलासारखा. मी सदऱ्यावर अनेक खिशांचं जाकीट घातलं होतं, भाच्याने दिलेलं. प्रत्येक खिशात आजीच्या दारूगोळ्यातलं काही ना काही होतं. तांडेलांचा मुलगा आणि आणखी एकजण होडी ढकलत होते. मीही हात लावला. म्हणजे होडी पाण्यात जाताना माझा हात तिच्यावर होता. अंधारात पश्चिमेकडे पाहिलं तर क्षितिजावर दिव्यांची लांबच लांब रांग, एखादं शहर वसावं तशी. मी म्हटलं, “वा, काय सुंदर दिसतंय!” कुणी उत्तर दिलं नाही.

माशांची जागा आली कशी कळते, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला, म्हणजे हिरव्या पेटीची माहिती देता येईल. तांडेलांनी मागे बोट दाखवलं. देवळाचा कळस एका माडाच्या शेंड्यावर आला पाहिजे आणि उजवीकडे टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर घळीच्या सरळ रेषेत. दोन्ही जुळलं की खाली खडक. टॉवरच्या जागी आधी वड होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तो पडला, तेव्हा चार महिने त्यांची जागा हरवली होती. मग टॉवर उभा राहिला. “टावरला रेंज नाय,” तांडेल म्हणाले, “पन कामाचा हाय.”

इंजिन चालू होतं तोवर मी बरा होतो. चांगला गप्पाही मारत होतो. गरवायला म्हणून ते बंद केलं, दगडाचा नांगर सात वाव खाली गेला, आणि होडी जागच्या जागी डुलायला लागली. पाळण्यासारखी. लहान बाळं पाळण्यात का रडतात ते मला त्या क्षणी कळलं. मी लिंबू काढलं. सुंठ काढली. देवळाचा कळस आणि माड यांच्याकडे टक लावून पाहत बसलो, तर ते दोघे एकमेकांना वर-खाली नमस्कार घालत होते. इतक्यात माझ्या दोरीला झटका बसला. वर ओढलं तर हेकरू, वीतभर लांबीचा, रागाने लाल. माझ्या आयुष्यातला पहिला मासा! अमेरिकी रीत मला पाठ होती. आधी वजन, मग फोटो, मग सन्मानाने सोडून देणं. मी त्याला फोटोसाठी वर धरला, तांडेलांच्या मुलाने माझा फोन डोळ्यांसमोर धरला, आणि त्याच वेळी नेल्सन, डार्विन आणि माझी आजी तिघंही एकदम माझ्या घशाशी आली. मी काठावर ओणवा झालो. मासाही सुटला आणि पहाटेचा चहाही. पकडणं आणि सोडणं हे दोन्ही एवढ्या कमी वेळात कुठल्या स्पर्धेत झालं नसेल.

फोटो मात्र निघाला. तो मी व्हॉट्सॲपवर लावलेला नाही.

कुणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं. तांडेलांनी पाठीवर हात ठेवला, थर्मासातला कोरा चहा दिला आणि होडीच्या तळाशी, मध्यभागी निजायला सांगितलं. तिथे सर्वांत कमी हलते. मी निजलो. डोक्याखाली जाळं, नाकात इंधन, तेल आणि कधी काळच्या बांगड्यांचा वास. वर उजाडत होतं आणि क्षितिजावरचे दिवे एकेक करून विझत होते. तेव्हा तांडेल बोलले. ते शहर नव्हतं. पाण्यावर प्रखर दिवे सोडायचे, लांबलांबचा मासा उजेडाला गोळा होतो, पिल्लांसकट, आणि मग जाळ्याचा बटवा आवळायचा. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, दिवे लावून मासे धरायला २०१७ पासून बंदी आहे. हे मीही पेपरात वाचलं होतं. पेपर इथे दुपारी येतो; दिवे रोज रात्री येतात.

“तुमच्या त्या अमेरिकेत मासा धरतात नि सोडतात म्हनलात ना,” तांडेल म्हणाले. “हे लोक काय सोडतात? आमाला काय ऱ्हातं?” दोरी हातात तशीच होती. तासाभरात त्यांना दोन हेकरू आणि एक तांबोसा मिळाला होता. पूर्वी याच खुणेवर बापाबरोबर येत तेव्हा होडी भरली म्हणून परतत. आता ऊन चढलं म्हणून परततात.

मग बापाचा विषय निघाला. बापाने इंजिनासाठी कर्ज मागितलं होतं. गुहागरात, बँकेत. मिळालं नाही. साहेबांनी लिहिलं की होडी जुनी आहे, तारण म्हणून चालत नाही. बाप आणखी नऊ वर्षं वल्ह्यावर आणि शिडावर मासे धरत राहिला.

मी होडीच्या तळाशी उताणा पडून आभाळाकडे पाहत होतो. बँकेत असताना होड्यांच्या कर्जाचे अर्ज माझ्याकडे येत. मी कधी किनाऱ्यावर गेलो नाही. कागद पुरेसे होते. होडीची लांबी, वय, लाकूड, असे रकाने असत, आणि शेवटच्या रकान्यात शेरा मी लिहायचा. ‘नौका जुनी. तारणमूल्य नगण्य.’ नगण्य हा शब्द मला आवडायचा. त्याला एक वजन होतं. लाकडी होडी दिसली की तो माझ्या पेनातून आपोआप उतरे. मी गुहागरला १९८९ ते १९९२ होतो. असे अर्ज किती आले आणि कुणाकुणाचे, ते आता आठवत नाही, आणि तांडेलांना साल विचारायचं धाडस मला झालं नाही.

“ती होडी मग काढलीत का?” मी एवढंच विचारलं.

“कनची?”

“बापाची.”

“हीच की,” तांडेल म्हणाले आणि बसल्या जागी टाचेने तळ ठोकला. माझ्या कानाखालीच. “फळ्या बदलल्या चारदा. पठान तोच हाय. ऐनाचा.”

पठाण म्हणजे होडीचा कणा, तळाची सलग तुळई. मी तिच्यावरच निजलो होतो. येताना मला पुन्हा बोट लागली. या खेपेला समुद्र अगदी स्वच्छ शांत होता.

ही दारात उभी होती. माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिने हातातली पिशवी घेतली. तांडेलांनी त्यात तांबोसा घातला होता. मी पैसे देत होतो, घेतले नाहीत. म्हणाले, “पयल्या दिवसाचं नाय घेत.” पडवीतली शेगडी पेटली. मी मूळ तक्ता उघडला, रेंजरचे साडेसात खोडले, बराच वेळ पेन्सिल धरून बसलो आणि काहीच न लिहिता मिटवून ठेवला. जेवताना हिने विचारलं, “मग, घेताय का बोट?” मी म्हटलं, “बास.” तिला अर्थातच वाटलं की बोटीचं नाव सांगतोय.

त्यानंतर कार्तिकापासून वैशाखापर्यंत मी अकरा वेळा गेलो. नऊ वेळा बोट लागली. तांडेलांच्या मुलाने माझ्यासाठी तळाशी एक गोणपाट घडी करून ठेवायला सुरुवात केली आहे आणि किनाऱ्यावर माझं नाव काय पडलं आहे हे मला ठाऊक आहे. ते इथे छापता येणार नाही. पण त्यात ‘जाणकार’ हा शब्द नाही.

१ जूनला बंदी सुरू झाली. आता ३१ जुलैपर्यंत इंजिनाच्या होड्या वाळूच्या वर, झापांच्या छपराखाली. तांडेलांची होडी माडांच्या ओळीत पालथी पडली आहे. उलटी झालेली होडी आणि सुलटा मी, असा योग वर्षातून एवढे एकसष्ट दिवसच येतो. मी रोज सकाळी तिथे जातो. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा असतो, वाळवी लागलेली जागा खरवडायची असते, मग उंडीचं तेल चोळायचं. हे काम मला जमतं. होडी हलत नाही, माझा हात हलतो, आणि पोटाचं काही म्हणणं नसतं. कण्यावर तेल चोळायचं काम मी मागून घेतलं. का, ते तांडेलांनी विचारलं नाही.

परवा पाऊस उघडला होता. दोघेजण दोन बाजूंनी चोळत होतो. मध्येच तांडेल थांबले.

“भाऊ, तुमच्या त्या बास बोटीला कनचं त्याल लावतात?”

“तेल नाही लावत. फायबरची असते. नुसती पुसतात.”

“मंग तिला वास कसला येतो?”

गॅरेजमध्ये अर्धा तास बसलो होतो, तेव्हाचा काही वास आठवतो का म्हणून मी डोकं खाजवायला हात वर नेला, आणि केसांना उंडीचं तेल लागलं.